मागून येणाऱ्याची सोय

पाऊस नुकताच उघडला होता. साल २००४. पुण्यात वारज्याच्या पुढे सात मजली इमारतीचं काम चालू होतं आणि सिव्हिलचा डिप्लोमा करून मी तिथं सुपरवायझर म्हणून लागले होते, तिसरा आठवडा. चौथ्या मजल्यावर आतल्या गिलाव्याचा माल कालवणं चाललं होतं. प्रमाण एकास चार, म्हणजे सिमेंटच्या एका गोणीला चार फरमे वाळू. फरमा सव्वा घनफुटाचा असतो, कारण ५० किलोच्या गोणीतलं सिमेंट मापाला तेवढंच भरतं. माल कालवणाऱ्या मावशींनी चार फरमे ओतले आणि पाचवा भरायला घेतला. मी त्यांना थांबवलं.

"मावशी, चारच."

"वाळू ओली हाय, ताई."

"ओली असली तरी चारच. ड्रॉइंगवर चारच लिहिलेत."

त्या वाद घालत बसल्या नाहीत. कोपऱ्यातून रंगाचा चार लिटरचा रिकामा डबा घेऊन आल्या, ढिगातल्या ओल्या वाळूने तो काठोकाठ भरला आणि वरून हाताने सारखा केला. मग मगाने हळूहळू पाणी सोडलं. बुडबुडे वर आले आणि माझ्या डोळ्यांदेखत वाळू खाली बसत गेली. चांगली दोन बोटं बसली. मावशींनी ती दोन बोटं त्या रिकाम्या जागेत आडवी धरून दाखवली.

"एवढी वाळू नव्हतीच," त्या म्हणाल्या.

चार-पाच टक्के ओल असलेली वाळू फुगते. प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा धरतो, कण एकमेकांपासून लांब राहतात आणि आकारमान चांगलं पाव पटीने वाढतं. वाळू पूर्ण सुकी असली किंवा पाण्यात पूर्ण बुडाली की हा फुगवटा उरत नाही. हे मी परीक्षेत आलेखासकट लिहिलं होतं, पैकीच्या पैकी मार्क घेऊन. पण तीच गोष्ट समोर घमेल्यात आली तेव्हा मला ती ओळखता आली नाही. ओल्या वाळूचे चारच फरमे घातले असते तर प्रत्यक्षात वाळू सव्वातीन फरम्यांएवढीच पडली असती, माल जास्त तेज झाला असता आणि गिलावा सुकताना भिंतीवर तड्यांचे नकाशे उमटले असते. पाचवा फरमा म्हणजे ढिसाळपणा नव्हता, ते मोजमाप होतं. त्या दिवशी संध्याकाळी मी शंभर पानी वही विकत आणली. पहिल्या पानावर मावशींचा डबा आहे.

साइटवर कोणी कोणाला शिकवायला बसत नाही. पण सकाळी दहाच्या चहाला सगळ्या टोळ्या विटांच्या थप्प्यांवर टेकत आणि तिथं जे चाले, तीच शाळा. गवंडी लातूर-उमरग्याकडचे आणि काही कलबुर्गीचे. सेंटरिंगचे सुतार वेगळे, लोखंडाचे फिटर वेगळे, फरशीवाले राजस्थानचे, प्लंबर ओडिशाचे. भाषा पाच, डबे पाच तऱ्हेचे. आणि बोलणं सगळं तक्रारींचं. वायरिंगवाल्याने टाचा मारून झालेला गिलावा फोडला. गवंड्याने चौकटीला माल इतका जवळ आणला की सुताराला झडप बसवता येईना. फिटरने रिंगा इतक्या दाट बांधल्या की काँक्रीट खाली उतरेना. ऐकणाऱ्याला वाटावं, भांडणं आहेत. पण कान देऊन ऐकलं तर प्रत्येक तक्रारीत एकच गोष्ट होती: माझ्या आधी हात लावणाऱ्याने माझा विचार केला नाही. जो चांगला कारागीर मानला जाई, त्याची ओळखही त्यातूनच ठरत असे. त्याच्या मागून येणाऱ्याला काम सोपं जाई.

माझी वही भराभर भरत गेली. फिटरांचे मुकादम चौथीपर्यंत शिकलेले होते, पण बाराचा बार मीटरला नऊशे ग्रॅम, दहाचा सहाशे, आठचा चारशे, हे त्यांच्या जिभेवर असे. आम्ही कॉलेजात व्यासाचा वर्ग करून १६२ ने भागायला शिकलो होतो. उत्तर जवळजवळ तेच येतं, पण ट्रक खाली होत असताना हिशेब त्यांचा चाले. सातव्या मजल्यावरून बाहेरच्या भिंतीचा ओळंबा सोडला की वाऱ्याने तो हलत राही. त्यावर आमच्या गवंडीमामांचा उपाय असा, की खाली पाण्याने भरलेली बादली ठेवायची आणि ओळंब्याचं वजन त्यात बुडवायचं. पाणी त्याला धरून ठेवतं आणि दोरी जागच्या जागी उभी राहते. काटकोन काढायचा तर दोरीला तीन, चार आणि पाच फुटांच्या खुणा. गुण्या लहान असतो, खोलीच्या लांबीवर त्याची चूक वाढत जाते, दोरीची तितकी वाढत नाही.

मामा चाळिशीचे असतील. सहा फूट उंच, बोलायला कमी. पहिल्या महिन्यात त्यांनी मला काही म्हणून सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणत, "बघा की." भिंतीवर ठिय्ये मारताना ते दोन बोटं रुंदीचा मालाचा गोळा लावत, त्यावर टाइलचा तुकडा दाबत आणि ओळंब्याशी जुळवत. एक वर, एक खाली, मग पाच फुटांवर पुढची जोडी. चारही ठिय्ये एका पातळीत आले की मधली भिंत आपोआप ठरते, पाटा त्यांच्यावरून फिरवायचा एवढंच उरतं. मी आठवडाभर बघितलं. मग एके दिवशी त्यांनी थापी माझ्या हातात दिली आणि स्वतः तोंड फिरवून दुसऱ्या भिंतीला लागले. मी मारलेले ठिय्ये त्यांनी नंतर पाहिले, दोन काढून टाकले आणि दोन ठेवले. कोणते ठेवले आणि कोणते काढले, यावरून मला जे समजायचं ते समजलं.

न्हाणीघरांची हकीकत मला आजही टोचते, कारण चूक माझी होती.

बाथरूम ही अशी जागा आहे की तिथं सगळ्या टोळ्या एकमेकांच्या पायात येतात. आधी प्लंबर नहाणी-ट्रॅप बसवतो. मग वॉटरप्रूफिंगवाला विटांच्या तुकड्यांचा कोबा करतो. मग फरशीवाला. ट्रॅपची उंची एकदा ठरली की ठरली, बाकीच्यांनी तिच्याकडे उतार द्यायचा, चार फुटांत साधारण अर्धा इंच. चौथ्या मजल्यावरच्या तीन बाथरूमच्या लेव्हल मी पाण्याच्या नळीने काढून दिल्या. नळी उन्हात पडलेली होती. मी ती पिंपात बुडवून भरली आणि खुणा केल्या. तिन्ही ठिकाणी कोबा झाला, वाळला.

फरशीवाल्यांच्यात एक प्रौढ कारागीर होते. पहिली फरशी लावण्यापूर्वी ते दरवेळी एक मग पाणी कोब्यावर ओतत आणि उकिडवे बसून बघत राहत. त्या दिवशी पाणी ट्रॅपकडे गेलं नाही. ते उंबऱ्याकडे आलं आणि दारातून बाहेर निघालं.

"ढाल उल्टा है, मॅडम," ते म्हणाले. दुसऱ्या बाथरूममध्ये तेच, तिसऱ्यातही तेच.

मी ऑफिसात जाऊन सांगितलं. काय बोलणं खाल्लं ते इथं महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं ते संध्याकाळी झालं. सहाला सुटी झाल्यावर मामा, तो फरशीवाला आणि एक प्लंबर असे तिघंही थांबले. हॅलोजन लावून रात्री साडेनऊपर्यंत त्यांनी तिन्ही कोबे ट्रॅपला धक्का न लावता हातछन्नीने काढले. ट्रॅप हलला असता तर खालच्या फ्लॅटचं छत फोडावं लागलं असतं. त्या वेळेचे पैसे त्यांना मिळणार नव्हते आणि हे त्यांना ठाऊक होतं. छन्नी खाली ठेवल्यावर मामांनी ती नळी आणायला सांगितली आणि पहिल्यांदाच मला बोलून शिकवलं.

नळी पिंपात बुडवून भरायची नाही. एक टोक उंचावरच्या बादलीत सोडायचं, दुसऱ्या टोकाने तोंडाने ओढून पाणी चालू करायचं आणि आतली सगळी हवा निघेपर्यंत वाहू द्यायचं. मग नळी अथपासून इतिपर्यंत डोळ्याखालून घालायची. मधे कुठे मुगाएवढा बुडबुडा असला तरी तो खोटं माप देतो. नळीला टिचक्या मारायच्या. त्यानंतरची गोष्ट मी तेव्हा केलीच नव्हती आणि आता कधीही चुकवत नाही: दोन्ही टोकं शेजारीशेजारी धरायची आणि पाणी समोरासमोर येतंय का ते आधी बघायचं. आलं, तर नळी खरी. मगच टोकं लांब न्यायची, नेताना दोन्हींवर अंगठा ठेवून. नवा कोबा झाला, वॉटरप्रूफिंग झालं, तीन दिवस पाणी भरून ठेवलं. तिसऱ्या दिवशी मी खालच्या फ्लॅटमध्ये छतावर हात फिरवून बघितला. कोरडं होतं.

त्या प्लंबरांबद्दल थोडं सांगायला हवं. पुण्या-मुंबईत, दिल्लीत, बंगळुरात कुठंही प्लंबरला गाव विचारा, बऱ्याचदा उत्तर येतं केंद्रापाडा. ओडिशाच्या किनाऱ्याकडच्या त्या जिल्ह्यातून पिढ्यान्पिढ्या माणसं हे काम करत देशभर गेली आहेत. तिथल्या पट्टामुंडाईत सरकारची प्लंबिंग शिकवणारी संस्थाही आहे. पण आमच्या साइटवरचे सगळे शिकले होते खोलीत. आठ जणांची खोली. गावाकडून नवा पोरगा आला की पहिले सहा महिने तो सगळ्यांचा स्वयंपाक करी आणि साइटवर फक्त पाइप वाइसमध्ये धरून उभा राही. मग डायने आटे पाडणं. मग आट्यांवर ताग गुंडाळणं. तेव्हा जीआय पाइप अजून चालत होते आणि काही जुने कारागीर टेपपेक्षा ताग आणि सफेदाच पसंत करत. ताग आट्यांच्या दिशेने गुंडाळायचा, कारण उलटा गुंडाळला तर कपलिंग आवळताना तो गोळा होऊन बाहेर येतो आणि सांधा गळतो. नव्या पोराने गुंडाळलेला ताग त्याचा गाववाला नखाने उचकटून बघे. उचकटला तर पुन्हा. एकदा मी मोजलं, अकरा वेळा त्या मुलाने तोच सांधा केला. कोणी आवाज चढवला नाही. रात्री त्यानेच भात रांधायचा होता आणि सगळ्यांनी मिळून तो खायचा होता.

मामांची गोष्ट मला कळली ती कंपाउंडची भिंत बांधताना.

पुढच्या बाजूला काळ्या दगडाची भिंत घ्यायची होती. दगड घडवायला वडार आले होते, रचायला मामा. उंची जेमतेम पाच फूट, वर काही वजन नाही. तरी मामा थोड्याथोड्या वेळाने काम थांबवत, ढिगातून लांब दगड शोधत आणि तो भिंतीच्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत आडवा घालत. दोन फूट उंची चढली की असा एक, आणि आडव्या अंगाने चार फुटांच्या आत दुसरा. लांब दगड मिळाला नाही तर काम थांबे. मी म्हटलं, मामा, साध्या कंपाउंडला कशाला?

जेवणाच्या सुटीत त्यांनी सांगितलं. भाकरी हातात तशीच राहिली.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बोळवून गावं झोपली होती आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. मामांचं गाव त्याच पट्ट्यातलं. तिकडची घरं दगडमातीची, भिंती दोन-अडीच फूट जाड, वर माळवद. गळू नये म्हणून माळवदावर दरवर्षी मातीचा थर चढे आणि वजन वाढत जाई. भिंत बघायला भक्कम, पण ती एक भिंत नसे. बाहेरचं तोंड वेगळं, आतलं वेगळं, मधे दगडगोटे आणि माती. दोन्ही तोंडांना एकमेकांशी बांधणारं काही नाही. जमीन हलली तशी ती दोन तोंडं फाकली आणि माळवद खाली आलं.

"त्या भिंती माझ्या बापानं बांधल्या व्हत्या, ताई. आख्ख्या आळीच्या. वळंबा लावून बघा, केसभर फरक नव्हता. पण आरपार दगड घालायचा आसतो, हे त्याला कुणी सांगितलंच न्हाई."

त्यांच्या घरातलं कोण गेलं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मग पुनर्वसन आलं. ५२ गावं नव्या जागी वसवायची ठरली आणि इतर शेकडो गावांत घरांची डागडुजी, मजबुती. इंजिनिअर आले. गवंड्यांना आरपार दगड, दारं-खिडक्यांच्या वरून घराभोवती फिरणारा काँक्रीटचा पट्टा, कोपऱ्यातली सळई दाखवण्यात आली. मामा तेव्हा एकोणतीस वर्षांचे. त्यांना सगळ्यात लक्षात राहिल्या त्या गावातल्या बायका. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने सरकारच्या कार्यक्रमात गावोगावच्या महिलांना संवाद सहायक म्हणून तयार केलं होतं. त्या कामावर येत आणि उभ्या राहून विचारत, यात आरपार दगड कुठं आहे, दाखवा. "आमच्या बाया दगड मोजाया लागल्या," मामा म्हणाले, आणि ते बोलताना त्यांचा चेहरा मोकळा झाला. पुढे २६ जानेवारी २००१ ला कच्छचा भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादकडच्या अशा बायका आणि कारागीर गुजरातेत गेले, तिथल्या लोकांना आपलं शिकलेलं सांगायला. ज्यांनी घर गमावलं होतं त्यांनीच घर कसं उभं राहतं ते दुसऱ्यांना दाखवलं. मला या हकिकतीइतकं मोठं बांधकामाचं शिक्षण ठाऊक नाही.

भाकरी संपवून मामा उठले आणि पुन्हा लांब दगड शोधायला लागले.

आता मावशींकडे येते. हे लिहायला बसले ते त्यांच्यासाठी.

पंधरा वर्षं त्या गवंड्यांच्या हाताखाली होत्या. माल, वाळू, विटा, पाणी मारणं. कुठला माल कुठल्या भिंतीला किती सैल लागतो, हे त्या मालात थापी उभी खोचून सांगत. वीट बुडवताना पाण्यातून बुडबुडे यायचे थांबले की काढत, त्याआधी नाही. पण थापी त्यांच्या हातात अधिकाराने कधी आली नव्हती. आपल्याकडे साइटवर बाई म्हणजे बिगारी. झारखंडात पुढे शौचालयांच्या कामात बायकांना गवंडीकाम शिकवलं गेलं आणि त्यांना राणी मिस्त्री हे नाव पडलं, ते वाचलं तेव्हा मला मावशीच आठवल्या.

इमारत संपत आली तेव्हा ड्रेनेजचे नऊ चेंबर राहिले होते. चेंबरच्या आतला गिलावा कोणालाच नको असतो. खड्ड्यात वाकून बसायचं, कोपर हलवायला जागा नाही, आणि केलेलं काम झाकणाखाली जाणार. मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "मावशी उतरल्या तर चालंल का?" चालेल म्हटलं. मावशींनी पदर खोचला, मामांची थापी घेतली आणि आत उतरल्या.

मी वरून बघत होते. तळाला त्यांनी अर्धगोल पन्हळ काढली, दोन्ही बाजूंनी तिच्याकडे उतार दिला. मग कोपरे. गवंडी सहसा कोपरा थापीने काटकोनात सोडून देतात. मावशींनी वर हात करून काचेची रिकामी बाटली मागितली आणि ओल्या मालावरून ती उभी फिरवली. कोपरा वाटीच्या आतल्या अंगासारखा गोल झाला. वरून कोरं सिमेंट लावून घोटला. चारही कोपरे, नऊ चेंबर, छत्तीस वेळा. एका चेंबरला जवळजवळ अख्खा दिवस जाई. मी म्हटलं, मावशी, हे कोण बघणार आहे?

"कोपऱ्यात घाण धरती, ताई. मागून कुणाला तरी यात उतरावं लागतं."

मामा काठावर उभे होते. ते काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त बाटली धुऊन बाजूला ठेवली, उद्यासाठी.

त्या आठवड्याच्या हजेरीपुस्तकात मी मावशींच्या नावापुढे मिस्त्री लिहिलं. ऑफिसातून ते लाल शाईने खोडून बिगारी होऊन परत आलं. बाईला मिस्त्रीचा रेट देत नाहीत, एवढंच उत्तर. मी पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं गेलं. नऊ चेंबरांचे पैसे त्यांना बिगारीच्या दराने मिळाले. मी तेव्हा नोकरीला नवी होते, तिसऱ्यांदा लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

काही वर्षांनी बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीसाठी अर्ज भरायला त्या माझ्याकडे आल्या. साठीच्या आत वय हवं आणि मागच्या वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला. दाखला मीच करून दिला. कामाचं स्वरूप लिहायच्या जागेवर मी गवंडी असं लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी कागद हातात घेतला, ते अक्षर कुठलं ते विचारलं आणि त्यावर बोट ठेवून थोडा वेळ बसल्या.

गेल्या पावसाळ्यात त्या सोसायटीतून मला फोन आला. ड्रेनेज तुंबलं होतं. रस्त्याच्या लाइनमध्ये अडथळा होता, पण तो सापडेपर्यंत आतले सगळे चेंबर उघडावे लागले. वीस वर्षांनी मी ते नऊ खड्डे पुन्हा पाहिले. चार ठिकाणी बाहेरच्या विटांना मुळं लागली होती, एका झाकणाची चौकट गंजून गेली होती. आतले कोपरे तसेच होते. पाणी उतरलं तशी घाण त्यांच्यावरून घसरून पन्हळीत गेली, कुठे थर धरलेला नव्हता.

सफाईला आलेला माणूस बांबूच्या पट्ट्या सरकवत होता. त्याने शेवटच्या चेंबरच्या कोपऱ्यात हातमोजा फिरवला, मग पुढच्या कोपऱ्यात, आणि वर बघून विचारलं, "हे कुणी केलंय?"

मी मावशींचं नाव सांगितलं, आडनावासकट.